पाऱ्याच्या शेजारचा तो ५ इलेक्ट्रॉनचा पीक जाता जात नाही, काय करायचं

पाऱ्याच्या कॉम्प्लेक्सचं क्ष-किरणांनी क्रिस्टल स्ट्रक्चर, म्हणजे क्रिस्टलमधल्या अणूंच्या जागा, काढताना होणारा हा ताप. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची केस हीच आहे का ते कळेल. सल्फरने धरणारा लिगँड, म्हणजे धातूला चिकटणारा रेणू, घेतलाय, थायोयुरिया म्हणा, थायोसेमिकार्बाझोन म्हणा, डायथायोकार्बामेट म्हणा, आणि त्याचं पाऱ्याबरोबर कॉम्प्लेक्स केलंय. क्रिस्टल मस्त आलेत. शेलएक्सटी या प्रोग्रॅमने दोन मिनिटांत स्ट्रक्चर सोडवून दिलं, पारा पहिल्याच मॅपमध्ये हत्तीसारखा उभा, आर-वन, म्हणजे मॉडेल आणि मोजमाप यांतली तफावत, ५ टक्क्यांच्या आसपास, तुम्ही खूश. मग सगळं ॲनायसोट्रॉपिक करता, म्हणजे प्रत्येक अणूला दिशेनुसार कमी-जास्त हलू देता, आणि गंमत सुरू होते. दोन-चार कार्बन एनपीडी होतात, म्हणजे त्यांच्या हलण्याचं माप ऋण, अशक्य येतं, फिनाइल रिंगमधला एक बाँड १.३२ तर शेजारचा १.४६, आणि डिफरन्स मॅपमधला, म्हणजे मोजलेल्यातून मॉडेल वजा केल्यावर उरलेल्या नकाशातला, सगळ्यात मोठा पीक ४, ५, कधी ६ इलेक्ट्रॉन प्रति घन अँगस्ट्रॉम, तोही पाऱ्यापासून फक्त ०.८ ते १ अँगस्ट्रॉमवर. तिथे अणू ठेवायचा म्हटलं तर जागाच नाही, सोडून द्यायचं म्हटलं तर चेकसिफ, म्हणजे स्ट्रक्चर तपासणारं सॉफ्टवेअर, लाल अलर्ट फेकतं.

आमच्या लॅबमध्ये हे दीड वर्षात चार वेळा झालं. फिनाइलथायोयुरिया आणि मर्क्युरिक क्लोराईडचं कॉम्प्लेक्स, मग त्याचेच भाऊबंद. दर वेळी मी मॉडेललाच दोष देत बसलो, डिसऑर्डर असेल, सॉल्व्हंट असेल, स्पेस ग्रुप चुकला असेल. चारपैकी तीन वेळा मॉडेलमध्ये काहीही चूक नव्हती, चूक गोनिओमीटरवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या टोकावर, बसवलेल्या त्या क्रिस्टलमध्ये होती, आणि ती मी स्वतःच निवडून बसवली होती.

पहिल्या वेळी काय केलं ते सांगतो, लाज वाटते पण सांगतो. सगळ्या कार्बन-नायट्रोजनवर आयसॉर टाकला, म्हणजे अणू सगळ्या दिशांना साधारण सारखाच हलावा असं बंधन (रिस्ट्रेंट), तोही कडक. एनपीडी गायब. मग जे रिफ्लेक्शन, म्हणजे मोजलेले ठिपके, मॉडेलशी जास्त भांडत होते ते ओमिट केले, म्हणजे वगळले, एकेक करत तेवीस. पीक ५.१ वरून ४.४ वर आला. मला वाटलं जमतंय. प्रिंट घेऊन मॅडमकडे गेलो, त्यांनी आर-व्हॅल्यू बघितलीच नाही, थेट वेटिंग स्कीमची, म्हणजे कुठल्या मोजमापाला किती वजन द्यायचं त्याची, ओळ बघितली आणि म्हणाल्या, "हा दुसरा आकडा ३८ का आहे रे?" मी म्हटलं, "मॅडम, प्रोग्रॅमनेच सुचवलाय." त्या म्हणाल्या, "प्रोग्रॅम तुला ओरडून सांगतोय की डेटा आजारी आहे, आणि तू त्याला तापाची गोळी देतोयस."

तर पहिली गोष्ट हीच बघा. शेलएक्सएल, म्हणजे मॉडेल मोजमापाशी जुळवत नेणारं (रिफाइनमेंट करणारं) सॉफ्टवेअर, शेवटी वेटिंगचे जे दोन आकडे सुचवतं त्यातला दुसरा एक-दोनच्या घरात असेल तर ठीक, दहा-वीस-चाळीस असेल तर बहुतेक वेळा ॲबसॉर्प्शन, म्हणजे क्रिस्टलने स्वतः किरण शोषल्याचा परिणाम, नीट काढलेलं नाही किंवा ट्विन, म्हणजे एकमेकांत वाढलेले दोन क्रिस्टल, आहे. रिस्ट्रेंट घालून हा आकडा फारसा हलत नाही, कारण रिस्ट्रेंटने डेटा बदलत नाही ना.

आता पाराच एवढा त्रास का देतो ते जरा हिशेब करून बघू. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवरून विखुरतात, आणि तीव्रतेत अणूचा वाटा ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या वर्गाएवढा. पारा ८०, म्हणजे ६४००. कार्बन ६, म्हणजे ३६. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक पारा, दोन क्लोरीन, दोन सल्फर, चार नायट्रोजन, चौदा कार्बन. बेरीज केली तर ८१९० येतात आणि त्यातले ६४०० एकट्या पाऱ्याचे, म्हणजे ७८ टक्के. चौदा कार्बन मिळून ५०४, म्हणजे सहा टक्के. हायड्रोजनचं नावच काढू नका, सोळा मिळून सोळा. आता तुमच्या तीव्रतेत ॲबसॉर्प्शनमुळे दहा टक्क्यांची चूक राहिली असेल तर ती सगळ्या कार्बनच्या एकत्रित वाट्यापेक्षा मोठी आहे. म्हणून पारा जागेवर घट्ट बसतो आणि कार्बन बिचारे त्या चुकीच्या लाटांवर हेलकावे खातात, कधी एनपीडी, कधी सिगारसारखे लांब. आर-वन मात्र चांगली दिसते, कारण ती मुख्यतः पाऱ्याचीच आर-वन असते. पाऱ्याच्या स्ट्रक्चरमध्ये कमी आर-वन बघून कुणी पेढे वाटू नयेत.

दुसरा हिशेब ॲबसॉर्प्शनचा, आणि हा प्रत्येकाने मशीनवर क्रिस्टल चढवायच्या आधी कागदावर करावा असं माझं ठाम मत आहे. मॉलिब्डेनम रेडिएशनला, म्हणजे ०.७१०७३ अँगस्ट्रॉमला, अशा कॉम्प्लेक्सचा म्यू, म्हणजे शोषणाचा गुणांक, साधारण ९ प्रति मिमी येतो. किरण किती आरपार जातो ते म्हणजे ई चा उणे म्यू गुणिले जाडी एवढा घात. माझा पहिला क्रिस्टल पातळ पत्र्यासारखा होता, ०.२८ बाय ०.१५ बाय ०.०३ मिमी, दिसायला काचेचा तुकडाच, मी खास मोठा आणि सुंदर म्हणून निवडला होता. जाडीच्या दिशेने ०.०३ मिमी, म्हणजे ७६ टक्के किरण पार. लांबीच्या दिशेने ०.२८ मिमी, म्हणजे ८ टक्के. क्रिस्टल फिरतोय, आणि एका दिशेला जेवढा किरण बाहेर येतोय त्याच्या साडेनऊ पट दुसऱ्या दिशेला. हे सगळं सॉफ्टवेअर नंतर दुरुस्त करेल अशी आपली भाबडी श्रद्धा.

त्याच बॅचमधून नंतर शोधून काढलेला ०.०९ बाय ०.०८ बाय ०.०६ चा बारका ठोकळा, त्यात ५८ आणि ४४ टक्के. बास. एवढाच फरक. तो ठोकळा मायक्रोस्कोपखाली वाळूच्या कणासारखा दिसत होता आणि मशीन बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "एवढासा? डिफ्रॅक्शन मिळेल का?" पाऱ्याला मिळतं हो. जड अणू आहे, तीव्रता भरपूर असते, लहान क्रिस्टलची भीती इथे बाळगायची नाही. उलट मोठ्या क्रिस्टलमध्ये लहान कोनाचे ताकदवान रिफ्लेक्शन डिटेक्टरला सॅच्युरेट करतात आणि तो वेगळाच ताप. एक्स्पोजर दोन पद्धतीने घ्या, लहान कोनाला कमी वेळ, मोठ्या कोनाला जास्त.

कॉपर सोर्सवर करू का, असं ज्युनियर नेहमी विचारतात, कारण तो मोकळा असतो. पर्याय असेल तर नको. कॉपरला म्यू याच्या जवळजवळ दुप्पट होतो, त्यात क्लोरीन-सल्फरही आपला वाटा उचलतात. सिल्व्हर सोर्स कुठे मिळाला तर सोनंच, तिथे साधारण निम्म्यावर येतो, पण तो सगळीकडे नसतो.

मोठा क्रिस्टल ब्लेडने कापला तर चालेल का? ठोकळा असेल तर चालेल, तेलाच्या थेंबात ठेवून, नवं ब्लेड, एकच घाव. पत्रा असेल तर नको. मी कापला होता. कापताना तो जरा वाकतो, थर एकमेकांवरून सरकतात, आणि मग फ्रेमवर गोल ठिपक्यांच्या जागी शेपट्या दिसायला लागतात. त्यापेक्षा क्रिस्टलच तसे वाढवा. आमच्याकडे मिथेनॉलमधून पत्रे यायचे, ॲसिटोनायट्राइलमधून हळू बाष्पीभवन केलं तेव्हा ठोकळे आले. तुमच्या लिगँडला वेगळं काही लागेल, पण सॉल्व्हंट बदलून बघणं हे आठ दिवस आयसॉर-आयसॉर खेळण्यापेक्षा स्वस्त आहे.

आता समजा क्रिस्टल बदलणं शक्य नाही, एकच होता, तोही आता नाही, फक्त डेटा आहे. तरीही बरंच काही हातात असतं.

मल्टीस्कॅन करेक्शन, म्हणजे सॅडॅब्जसारखं, हे एकाच रिफ्लेक्शनचे समतुल्य मोजमाप एकमेकांशी ताडून बघतं आणि फरक कमी करतं. त्याला खायला भरपूर पुनरावृत्ती लागते. ट्रायक्लिनिक क्रिस्टल, मोजमाप सरासरी दोनदा, आणि वर पत्रा, मग ते काय करणार, कपाळ. पण खरी मेख पुढे आहे आणि ती मला तिसऱ्या केसमध्ये कळली. समतुल्य रिफ्लेक्शन सगळे एकाच थीटावर, म्हणजे एकाच कोनावर, असतात. त्यामुळे थीटाप्रमाणे बदलणारं ॲबसॉर्प्शन त्यांची तुलना करून सापडूच शकत नाही. ते प्रोग्रॅमला बाहेरून सांगावं लागतं, म्यू गुणिले त्रिज्या असा एक आकडा तो विचारतो, आणि आपण सगळे तिथे डिफॉल्टवर एंटर मारून पुढे जातो. कार्बनी कॉम्पाउंडला चालून जातं. पाऱ्याला नाही. कारण गोलसर क्रिस्टलमध्ये मोठ्या कोनाचे रिफ्लेक्शन तुलनेने कमी शोषले जातात, म्हणजे ते असायला हवेत त्यापेक्षा ताकदवान दिसतात, आणि रिफाइनमेंट त्याचा अर्थ लावते की अणू फारच कमी हलतायत. सगळे यू, म्हणजे अणूंच्या हलण्याची मापं, लहान होतात, आणि जे आधीच लहान होते ते शून्याखाली. हाच तो एनपीडी. मी तो आकडा नीट भरून, म्यू ९ आणि पत्र्याच्या जाडीकडे झुकणारी त्रिज्या, परत स्केलिंग केलं आणि चारपैकी तीन एनपीडी कार्बन एकही रिस्ट्रेंट न घालता सरळ झाले. मी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

त्याहून चांगलं म्हणजे फेस इंडेक्सिंग. क्रिस्टलचे फोटो फिरवत काढलेले असतील तर प्रत्येक पृष्ठभागाला इंडेक्स द्या, अंतरं भरा आणि न्यूमेरिकल करेक्शन करा, मग वरून हलकंसं मल्टीस्कॅन. कंटाळवाणं काम आहे, पहिल्यांदा दीड तास गेला, आता पंधरा मिनिटांत होतं. फोटो काढायला विसरला असाल आणि क्रिस्टल अजून लूपवर असेल तर आत्ताच्या आत्ता जाऊन काढा, हे वाचणं थांबवलं तरी चालेल. आणि सिफमध्ये, म्हणजे स्ट्रक्चरच्या अंतिम फाइलमध्ये, क्रिस्टलची मापं अंदाजाने भरू नका, चेकसिफ म्यू आणि मापांवरून ट्रान्समिशन किती हवं ते स्वतः काढतं आणि तुमच्या आकड्याशी जुळवून बघतं.

आता पीककडे. पाऱ्याजवळचा प्रत्येक पीक पाप नाही, आणि ते ओळखायची माझी ढोबळ रीत अशी. पीक पाऱ्यापासून अँगस्ट्रॉमच्या आत, दोन्ही बाजूंना साधारण सारखे, मध्ये खड्डे, तर ती फूरिए मालिका एका ठिकाणी तोडल्यामुळे उठलेली लाट, पाण्यात दगड टाकल्यावर उठते तशी. ती जड अणूजवळ थोडीफार राहणारच. पीक जवळच पण एकाच दिशेला सगळे, म्हणजे पाऱ्याच्या एका अक्षावर रांग, तर ॲबसॉर्प्शन. आणि पीक लांब, दोन-अडीच अँगस्ट्रॉमवर किंवा पार रिंगच्या मध्यभागी, जिथे काहीच असू शकत नाही, तर ते पाऱ्याचं भूत. भूत दिसलं की ट्विन शोधा.

आमची दुसरी केस ही भुताची होती. ७ इलेक्ट्रॉन, पाऱ्यापासून २.१ अँगस्ट्रॉम, मी त्याला आठवडाभर ऑक्सिजन समजून पाण्याचा रेणू रिफाइन करत होतो, यू ऋण येतोय तरी. खरं तर आउटपुट फाइलमध्ये उत्तर लिहिलेलं होतं. खाली एक तक्ता असतो, एफसीच्या, म्हणजे मॉडेलवरून काढलेल्या ताकदीच्या, गटांप्रमाणे के ची, म्हणजे मोजलेलं भागिले काढलेलं याची, किंमत, ती सगळीकडे १ च्या आसपास हवी. आमच्याकडे सगळ्यात कमकुवत गटात ती ४ च्या वर होती. आणि सगळ्यात जास्त भांडणाऱ्या पन्नास रिफ्लेक्शनच्या यादीत एफओ, म्हणजे मोजलेला आकडा, हा एफसीपेक्षा मोठा, पन्नासच्या पन्नास वेळा. चूक दोन्ही बाजूंना होते हो, एकाच बाजूला व्हायला लागली की कुणीतरी दुसरा आपलं माप त्यात घालतोय. मी हेच रिफ्लेक्शन आधी ओमिट करत होतो. पुरावाच कचऱ्यात टाकत होतो.

प्लॅटॉन या सॉफ्टवेअरमधलं ट्विन शोधणारं ट्विनरोटमॅट चालवलं, त्याने १८० अंशांचा ट्विन नियम दिला, तो घालून बॅस्फ, म्हणजे दुसऱ्या ट्विनचा वाटा, १४ टक्के आला आणि पाण्याचा रेणू आपोआप वाफ होऊन गेला. नंतर जुन्या बॅचचे क्रिस्टल पोलरायझरखाली फिरवून बघितले तर अर्धा काळा व्हायचा आणि एक कड उजळ राहायची. चढवायच्या आधी हे बघायला तीस सेकंद लागले असते.

आता कुणी म्हणेल, एवढी मारामारी कशाला, पाऱ्याभोवती कोण बसलंय ते तर कळतंय ना, मग झालं. नाही झालं. थायोसेमिकार्बाझोनचं उदाहरण घ्या. लिगँड थायोन रूपात बसलाय की प्रोटॉन सोडून थायोलेट झालाय, हा पेपरचा मुख्य मुद्दा असतो, आणि तो आपण कार्बन-सल्फर अंतरावरून ठरवतो, १.७० च्या आसपास की १.७५ कडे. फरक ०.०५. तुमच्या बाँडची ईएसडी, म्हणजे अनिश्चितता, ०.०२ असेल तर तुम्ही काहीही सिद्ध केलेलं नाही, आणि एन-एच चा हायड्रोजन मॅपमध्ये दिसला असं लिहिलंत तर पाऱ्याच्या लाटेतली एखादी टेकडीच बघितलीत. तिथे आयआर आणि एनएमआर ची साथ घ्या.

सल्फर आणि क्लोरीन हीसुद्धा एक जोडगोळी आहे, एका इलेक्ट्रॉनचा फरक, पाऱ्याच्या शेजारी बसले की प्रोग्रॅम सहज अदलाबदल करतो. सोपा उपाय, ज्याला कार्बन चिकटलाय तो सल्फर. आणि अंतरं तपासा. फक्त दोन थायोलेट घेऊन सरळ रेषेत बसलेल्या पाऱ्याला सल्फर २.३५ च्या आसपास असतो, चार थायोलेटच्या टेट्राहेड्रलमध्ये २.५३-२.५५ पर्यंत जातो, आमच्यासारख्या दोन सल्फर दोन क्लोरीनवाल्यात सल्फर साधारण २.४ ते २.५ मध्ये आणि सल्फर-पारा-सल्फर कोन चांगलाच उघडलेला. ३.१-३.२ अँगस्ट्रॉमवर आणखी एखादा सल्फर दिसला तर त्याला बाँड म्हणून रेघ मारायच्या आधी थांबा, तो शेजारच्या रेणूचा दुरून लावलेला हात असू शकतो. डायएथिलडायथायोकार्बामेटचं पाऱ्याचं कॉम्प्लेक्स एका रूपात मोनोमर आणि दुसऱ्यात डायमर मिळतं, म्हणजे ही दुरची नाती खरोखर महत्त्वाची असतात, पण ती सांगायला डेटा स्वच्छ लागतो.

चौथी केस वेगळीच होती. क्रिस्टल चांगला, ठोकळा, ट्विन नाही, आणि तरी शेवटच्या फ्रेम पहिल्यांपेक्षा फिक्या. लूप काढून बघितला तर पिवळसर क्रिस्टलवर राखाडी झाक. बाटलीतही तळाला काळं बसलं होतं. थायोयुरियासारखा लिगँड, जरासा बेस, आणि वेळ, एवढं मिळालं की पारा गंधकाला घेऊन पळतो, काळा मर्क्युरिक सल्फाइड. आयुर्वेदातली कज्जली ती हीच जोडी, आणि हिंगूळ म्हणजे तिचंच लाल रूप, त्यात पारा-गंधकाच्या नागमोडी साखळ्या असतात. या दोघांचं प्रेम एवढं जुनं की थायोलचं मर्कॅप्टन हे नावसुद्धा लॅटिनमधल्या पारा पकडणारा अशा अर्थाच्या शब्दांवरून आलंय. आपल्याला मात्र क्रिस्टलमध्ये ते नकोय. ताजे क्रिस्टल, बाटलीला फॉइल, द्रावणात बेस अजिबात नको, आणि डेटा १०० केल्विनला. थंड करताना तडकला तर २०० वर थांबा, आमचा एक तडकला होता. आणि ते काळं गाळून उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, पाऱ्याच्या कचऱ्याची वेगळी बाटली असते, नसेल तर आज करा.

सध्याची स्थिती सांगतो. ठोकळा क्रिस्टल, मॉलिब्डेनम, १०० केल्विन, ०.७७ अँगस्ट्रॉमपर्यंत डेटा, फेस इंडेक्सिंग केलेलं, एकही आयसॉर नाही, बीमस्टॉपमागे गेलेले दोनच रिफ्लेक्शन ओमिट. वेटिंगचा दुसरा आकडा १.९. सगळ्यात मोठा पीक १.६, पाऱ्यापासून ०.८५ वर, आणि समोरच्या बाजूला तेवढाच खड्डा. तो तसाच ठेवलाय. चेकसिफने पिवळा अलर्ट दिला, त्याच्या उत्तरात पीकचं अंतर, म्यू आणि ट्रान्समिशनचे दोन्ही टोकांचे आकडे लिहिले. मॅडमनी प्रिंट हातात घेतला, परत थेट वेटिंगची ओळ बघितली, काही न बोलता सही केली आणि विचारलं, "तो जुना पत्र्याचा डेटा डिलीट केलास का?" केला नाहीये. नव्या पोरांना आधी तोच रिफाइन करायला देतो.